निळ्या कागदाचे २८ दिवस: इंग्लंडात शेजारी रात्रीचा बार येतो तेव्हा

आमच्या कोपऱ्यावर कार्पेटचं एक दुकान होतं. ते बंद पडलं आणि काही आठवड्यांनी त्याच्या काचेवर फिकट निळा कागद लागला. मी रोज त्याच्यासमोरून स्टेशनला जायचो. भाड्याने द्यायची पाटी असेल असं समजून एकदाही थांबून वाचला नाही. सहा महिन्यांनी, शुक्रवारी रात्री दीड वाजता, आमच्या पलंगाच्या उशाची भिंत ढोलासारखी घुमायला लागली तेव्हा काउन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "अर्ज आला होता तेव्हा हरकत घेतली होती का?" घेतली नव्हती. गल्लीत कुणीच घेतली नव्हती. तो निळा कागद म्हणजे बारच्या परवान्यासाठी अर्ज आल्याची नोटीस होती. आणि हरकत आली नाही तर काउन्सिलला तो परवाना नाकारताच येत नाही, कायद्याने द्यावाच लागतो, हे मला त्या रात्री कळलं.

नंतर त्याच गल्लीत आणखी दोन अर्ज आले. त्या वेळी आम्ही जागे होतो. त्यातून जे शिकलो ते इथे लिहितोय. सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्समध्ये परवान्याचा कायदा हाच, पण प्लॅनिंगचे नियम वेगळे. स्कॉटलंडचा तर परवान्याचा कायदाही वेगळा.

दारं दोन आहेत, आणि ती एकमेकांना जोडलेली नाहीत

महाराष्ट्रात दारूचा परवाना म्हटलं की राज्य उत्पादन शुल्क खातं डोळ्यासमोर येतं आणि बांधकाम म्हटलं की महापालिका. इथे दोन्ही गोष्टी एकाच काउन्सिलच्या छपराखाली आहेत, त्यामुळे एकदा तक्रार केली की ती सगळीकडे पोचली असा आपला समज होतो. तसं होत नाही. प्लॅनिंग विभाग बघतो की या जागेचा वापर कशासाठी होतोय. लायसेन्सिंग विभाग बघतो की तिथे दारू, संगीत आणि रात्रीचं गरम खाणं किती वाजेपर्यंत आणि कोणत्या अटींवर चालेल. प्लॅनिंगची परवानगी नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, आणि परवाना मिळाला म्हणून प्लॅनिंगची परवानगी मिळत नाही. पण दोन्हीकडे बंद करायच्या वेळा वेगळ्या असतील तर जी वेळ लवकरची, तीच मालकाला पाळावी लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१ सप्टेंबर २०२० पासून एक मोठा बदल झाला. दुकान, कॅफे, रेस्टॉरंट, ऑफिस हे सगळे 'वर्ग ई' नावाच्या एकाच वर्गात टाकले गेले. म्हणजे कार्पेटच्या दुकानाचं रेस्टॉरंट करायला वापर बदलण्याची परवानगी लागत नाही. पब, बार, नाइटक्लब आणि गरम खाणं बांधून देणारं टेकअवे मात्र या वर्गाबाहेर आहेत, त्यांना ती लागते. आता गंमत अशी की 'रेस्टॉरंट' म्हणून उघडलेली जागा रात्री दहानंतर टेबलं बाजूला सरकवते, डीजे येतो, जेवण कुणीच मागवत नाही. कागदावर रेस्टॉरंट, प्रत्यक्षात बार. तिथे प्रश्न आधी प्लॅनिंगचा असतो, पण लोक वर्षभर लायसेन्सिंगवाल्यांनाच फोन करत राहतात.

तिसरा एक विभाग पर्यावरण आरोग्याचा. आवाज, धूर, वास हे त्यांचं खातं. त्यांच्याकडे नंतर येऊ.

कागद कुठे दिसतो

नव्या परवान्याचा किंवा मोठ्या बदलाचा अर्ज केला की मालकाला फिकट निळ्या रंगाची, किमान ए-४ आकाराची नोटीस त्या जागेवर बाहेरून वाचता येईल अशी लावावी लागते. अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात एक जाहिरात. हरकत याच २८ दिवसांत पोचली पाहिजे. एकोणतिसाव्या दिवशी आलेलं पत्र कितीही मुद्देसूद असलं तरी ते हातात घ्यायची काउन्सिलला मुभा नाही.

छोट्या बदलांची नोटीस पांढरी असते आणि मुदत फक्त १० कामकाजाच्या दिवसांची. त्या मार्गाने रात्री ११ नंतर दारूची विक्री वाढवता येत नाही, तेव्हा पांढरा कागद दिसला की घाबरू नका, पण वाचा. आतल्या मांडणीत एखादा लहानसा बदल करणं अशा गोष्टी त्यात येतात.

तुमच्या काउन्सिलच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी शोधून ठेवा. पहिली, परवान्यांची नोंदवही. ती लोकांना खुली ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. दुसरी, प्लॅनिंगचे नवे अर्ज. बऱ्याच काउन्सिलांकडे पोस्टकोड दिला की तुमच्या भागातल्या अर्जांची ईमेल येते. प्लॅनिंगमध्ये मत द्यायला साधारण २१ दिवस मिळतात. फुटपाथवर टेबलं मांडायचा परवाना तिसराच असतो, त्याची मुदत १४ दिवस. आमच्याकडे नेमकी तीच चुकली. आज मे ते सप्टेंबर खिडकीखाली आठ टेबलं असतात.

अर्ज वाचताना

पूर्ण अर्ज मागा. नोटिशीवर फक्त गोषवारा असतो. चार गोष्टी बघा.

दारू विकायची वेळ आणि जागा उघडी राहायची वेळ, या दोन निरनिराळ्या असतात. विक्री १२ ला थांबते, गिऱ्हाईक साडेबाराला बाहेर पडतं. तुमची झोप मोडते ती साडेबाराला.

'विशेष दिवस' या रकान्यात काय लिहिलंय. ३१ डिसेंबर ठीक आहे. पण तिथे प्रत्येक बँक हॉलिडेच्या (सार्वजनिक सुट्टीच्या) आधीची रात्र, व्हॅलेंटाइन, हॅलोविन आणि सेंट पॅट्रिक भरलेले मी पाहिलेत. मोजा.

नकाशा. त्यात मागचं अंगण परवान्याची हद्द दाखवणाऱ्या लाल रेषेच्या आत आहे का? सिगारेट ओढायला माणसं कुठे उभी राहणार? १ जुलै २००७ ला बंद जागेत धूम्रपानाला बंदी आली तेव्हापासून प्रत्येक बारचा एक भाग फुटपाथवर भरतो.

आणि मालकाने स्वतःहून काय अटी देऊ केल्यात. हा रकाना 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊ' एवढ्यावर उरकला असेल तर समजा की वकिलाने जुनाच अर्ज नाव बदलून पाठवलाय. तुमच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, कारण मोकळी जागा तुम्ही भरू शकता.

हरकत कशी लिहायची

२००३ च्या लायसेन्सिंग कायद्यात चारच उद्दिष्टं आहेत: गुन्हे आणि बेशिस्त रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं, आणि मुलांचं संरक्षण. तुमच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य या चारपैकी एका खुंटीवर टांगता आलं पाहिजे. जे टांगता येत नाही ते खाली पडतं. घराची किंमत उतरेल, इथे आधीच सहा बार आहेत, अजून एकाची गरज काय, दारू वाईट, पार्किंग मिळणार नाही, आमच्या भागाचं वळण बिघडेल: यातलं एकही धरलं जात नाही. आपल्या लोकांच्या पत्रांत नेमकं हेच सगळ्यात जास्त असतं. सात्त्विक संतापाला इथे रकाना नाही.

हरकत घ्यायला तुम्ही शेजारीच असलं पाहिजे असं २०१२ पासून राहिलेलं नाही, कुणीही घेऊ शकतं. तरी वजन पडतं ते खिडकी किती फुटांवर आहे त्याचं. म्हणून असं लिहा:

"आमच्या मुलीच्या खोलीची खिडकी या जागेच्या मागच्या दारापासून ९ मीटरवर, पहिल्या मजल्यावर आहे. अर्जानुसार हे दार धूम्रपानासाठी पहाटे २ पर्यंत उघडं राहील. मधे भिंत किंवा आडोसा नाही. त्यामुळे सार्वजनिक उपद्रव होण्याची दाट शक्यता आहे. मागचं अंगण रात्री ९ नंतर बंद ठेवावं आणि धूम्रपान पुढच्या बाजूला, एका वेळी जास्तीत जास्त १० माणसांपुरतं असावं अशी अट घालावी."

जागा, अंतर, वेळ, कोणतं उद्दिष्ट, काय हवंय. बस. सोबत खिडकीतून काढलेला एक फोटो.

दूरच्या रस्त्यावरून गात जाणाऱ्या दारुड्यांबद्दल लिहू नका. दारापासून लांब गेलेलं गिऱ्हाईक स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार, असं सरकारी मार्गदर्शिकाच सांगते. दाराशी, रांगेत, टॅक्सीची वाट बघताना जे होतं तेवढंच धरा.

तुमच्या भागाला 'क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट' लागू आहे का ते तपासा. म्हणजे इथे आधीच इतके परवाने झालेत की एकूण परिणाम त्रासदायक आहे, असं काउन्सिलने पुराव्यानिशी जाहीर केलेलं असतं. वेस्टमिन्स्टरचा वेस्ट एंड, हॅकनीतलं शोरडिच हे त्यातले प्रसिद्ध भाग. तिथे नवा त्रास होणार नाही हे पटवायचं ओझं बरंचसं अर्जदारावर येतं. पण यातही मेख आहे: एक तरी हरकत आली तरच ते धोरण जागं होतं. कुणी बोललंच नाही तर तिथेही परवाना द्यावाच लागतो.

एकाच मजकुराखाली पन्नास सह्यांपेक्षा स्वतःच्या शब्दांतली पाच पत्रं जड पडतात. तुमचं नाव आणि पत्ता अर्जदाराला कळतो हे आधीच सांगतो, कारण आमच्या शेजारच्या आजी हे ऐकून मागे सरल्या. अशा वेळी वॉर्डातल्या काउन्सिलरला (नगरसेवकाला) तुमच्या वतीने हरकत घ्यायला सांगता येतं.

सुनावणीच्या आधीचे दिवस

माझ्या मते सगळी मिळकत इथे आहे. हरकत आली की सुनावणी ठरते, मुदत संपल्यापासून २० कामकाजाच्या दिवसांत. याच काळात अर्जदाराच्या वकिलाची ईमेल येते: आपण बोलूया का? बरेच लोक रागाने उत्तरच देत नाहीत. द्या. वकील तासावर पैसे घेतो आणि मालकाला सुनावणी टाळायची असते, म्हणजे हुकमाचा पत्ता तुमच्या हातात आहे.

मागायच्या गोष्टींची माझी यादी: संगीताच्या यंत्रणेला आवाज मर्यादित करणारं उपकरण, आणि त्याची पातळी पर्यावरण आरोग्य अधिकाऱ्याने ठरवायची. रात्री ११ नंतर दारं-खिडक्या बंद, येण्याजाण्यापुरतीच उघडायची. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या तासभर आधी. शुक्रवार-शनिवार परवानाधारक दारवान. रिकाम्या बाटल्या रात्री ११ ते सकाळी ८ बाहेर ओतायच्या नाहीत (हा आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल). आणि व्यवस्थापकाचा मोबाइल नंबर, जो तिथे कुणीतरी खरंच उचलेल.

'योग्य ती काळजी घेतली जाईल' छापाची अट अजिबात मान्य करू नका. जी मोजता येत नाही ती मोडली हे सिद्धही करता येत नाही. आमच्या दुसऱ्या अर्जात मालकाने २ चे १२ केले, अंगण ९ ला बंद करायचं मान्य केलं, आणि आम्ही हरकत मागे घेतली. गल्लीतले दोघं त्यावरून आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांना बारच नको होता. पण दारूबंदी आणायला बसलात तर हाती काही लागत नाही, झोप वाचवायला बसलात तर पुष्कळ लागतं.

एक सापळा. रात्री ११ पर्यंत, ५०० पर्यंत प्रेक्षक असतील तर दारूचा परवाना असलेल्या जागेत संगीतावरच्या अटी बहुतेक लागूच होत नाहीत. २०१२ चा लाइव्ह म्युझिक कायदा आणि त्यानंतरच्या सवलतींमुळे हे झालं. म्हणून संगीताच्या अटींवर भांडताना ११ नंतरच्या तासांवर जोर लावा.

सुनावणी

तीन काउन्सिलर, एक कायदा सल्लागार, एक कारकून. कोर्टासारखा थाट नसतो, पण वेळ मोजून मिळतो, दोन्ही बाजूंना सारखाच. नवे कागद त्या दिवशी काढलेत तर समोरच्या पक्षांची संमती लागते, म्हणून फोटो, नकाशे आधी पाठवा. येणार की नाही हे कळवायची तारीख पत्रात असते, ती पाळा.

त्या तिघांना आधी ईमेल करू नका, फोन करू नका, बाजारात भेटले तर हवापाण्याबद्दल बोला. ते न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणार असतात. आपल्याकडे 'नगरसेवकाला सांगून ठेवलंय' म्हणायची सवय असते, इथे त्यानेच तुमचं प्रकरण बिघडू शकतं. तुमच्या वॉर्डाचा काउन्सिलर वेगळा. तो समितीवर नसेल तर खुशाल तुमच्या बाजूने बोलू शकतो. प्लॅनिंगमध्ये त्याचा आणखी एक उपयोग: बहुतेक अर्ज अधिकारीच आपल्या पातळीवर निकाली काढतात, ते समितीसमोर आणायची विनंती काउन्सिलर करू शकतो. ती विनंती मुदतीत झाली पाहिजे.

निकाल पटला नाही तर परवान्याच्या बाबतीत २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं, तुम्हालाही आणि मालकालाही. खर्च अंगावर पडू शकतो, विचार करून जा. प्लॅनिंगमध्ये मात्र शेजाऱ्याला अपीलच नाही. परवानगी नाकारली तर मालक अपील करतो. दिली तर तुमच्यासमोर सहा आठवड्यांत हायकोर्टात जाण्याखेरीज दुसरी वाट नसते.

बार आधीच सुरू असेल तर

वही घ्या. तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, काय ऐकू आलं, घरातल्या कोणत्या खोलीत, खिडकी बंद होती का, कुणाला कळवलं. 'काल पण खूप त्रास झाला' ही नोंद नव्हे. '१४ जून, रात्री १२:४० ते २:१०, बेडरूम, खिडकी बंद, गाण्याचे शब्द कळत होते' ही नोंद. सहा-आठ आठवडे चिकाटीने लिहा.

मग आत जाऊन परवान्याचा गोषवारा वाचा, तो दर्शनी भागात लावलेला असावा लागतो. नोंदवहीतून पूर्ण परवाना काढा आणि तुमची वही त्याच्या अटींशेजारी ठेवा. अट मोडलेली दिसली तर तक्रार लायसेन्सिंगकडे. अट मोडली नाही पण आवाज असह्य आहे, तर पर्यावरण आरोग्य विभागाकडे. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तो 'स्टॅट्युटरी नुइसन्स', म्हणजे कायद्याच्या व्याख्येत बसणारा उपद्रव, ठरला की त्यांना नोटीस काढावीच लागते. ते येत नसतील तर त्याच कायद्याच्या कलम ८२ खाली, आवाजासाठी तीन दिवसांची लेखी सूचना देऊन, तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊ शकता.

एवढ्यानेही भागलं नाही तर परवान्याचा फेरविचार, म्हणजे रिव्ह्यू. तो कुणीही, केव्हाही, विनाशुल्क मागू शकतं. समिती अटी बदलू शकते, वेळ कमी करू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना स्थगित करू शकते, रद्दही करू शकते. रात्री ११ च्या आतल्या संगीताला मिळालेली सूटही रिव्ह्यूमध्ये काढून घेता येते, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

मात्र 'रद्द' हा शब्द हलकेच वापरा. लंडनमधल्या फॅब्रिक क्लबचा परवाना इझलिंग्टन काउन्सिलने सप्टेंबर २०१६ मध्ये, अमली पदार्थांमुळे दोन तरुणांचा मृत्यू झाल्यावर, पोलिसांच्या मागणीवरून रद्द केला. अपील झालं, सुनावणीआधीच समझोता झाला, आणि ३२ नव्या अटींसह क्लब जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा उघडला. पोलीस मागे असतानाही गाडी अटींवरच येऊन थांबली.

नवा फ्लॅट घेऊन जुन्या पबशेजारी राहायला गेला असाल तर स्पष्ट सांगतो, तुमची बाजू लंगडी आहे. 'एजंट ऑफ चेंज' हे तत्त्व २०१८ पासून राष्ट्रीय प्लॅनिंग धोरणात आहे: जो नंतर आला त्याने आवाजाची सोय करायची. अशा वेळी पबपेक्षा बिल्डरच्या मागे लागा. त्याच्या प्लॅनिंग परवानगीत खिडक्या किती जाड काचेच्या असाव्यात अशी अट आहे का ते काढा, आणि बसवलेली काच तशी आहे का ते विचारा.

प्लॅनिंगची अट मोडली तर

जुनी परवानगी शोधा. कित्येकदा वीस वर्षांपूर्वीच्या परवानगीत 'रात्री ११ नंतर वापर नको' अशी अट पडून असते आणि परवाना मात्र २ चा मिळालेला असतो. लवकरची वेळ लागू होते हे सुरुवातीला सांगितलं ते यासाठी. अशा वेळी प्लॅनिंगच्या अंमलबजावणी पथकाला लिहा आणि अट भंगाची नोटीस मागा. तिच्यावर मालकाला अपील करता येत नाही. पण अट सलग दहा वर्षं मोडली जात असेल आणि कुणी हटकलं नसेल, तर ती मोडणंच कायदेशीर होऊन बसतं. कारवाई करायची की नाही हे काउन्सिलच्या मर्जीवर आहे, म्हणून तक्रारीचा क्रमांक घ्या आणि दर महिन्याला त्याच क्रमांकावर विचारणा करा.

आणि काउन्सिलवर नजर कुणाची

लायसेन्सिंगचं धोरण दर पाच वर्षांनी नव्याने ठरतं, त्याआधी लोकांची मतं मागवली जातात. 'निवासी रस्त्यावर रात्री ११ नंतर सहसा परवाना देऊ नये' असं एक वाक्य त्यात शिरलं तर पुढची पाच वर्षं प्रत्येक सुनावणीत तुमच्या कामी येतं. त्या मसुद्यांवर बारवाल्यांच्या संघटना मुद्देसूद लिहितात. रहिवासी लिहित नाहीत.

तक्रारींवर किती वेळा कुणी आलं, किती नोटिसा काढल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. उत्तर २० कामकाजाच्या दिवसांत. आकडे वाईट निघाले तर ते काउन्सिलच्या छाननी समितीपुढे न्यायला तुमच्या काउन्सिलरला सांगा. काउन्सिलची अंतर्गत तक्रार संपवून, प्रकरण कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत लोकपालाकडे जाता येतं. लोकपाल निकाल फिरवत नाही, काउन्सिलने काम नीट केलं का तेवढंच बघतो.

काउंटरच्या पलीकडे तुम्ही असाल तर

आपल्यातले कितीतरी जण इथे खानावळी काढतात. रात्री ११ ते पहाटे ५ गरम खाणं किंवा पेय विकायलाही परवाना लागतो. साडेअकराला गरम वडापाव दिलात तर लागेल, गार चिवडा दिलात तर नाही. स्वयंपाकघराच्या धुराड्यासाठी बाहेर पाइप बसवायचा असेल तर 'वर्ग ई' असूनही त्या पाइपला प्लॅनिंगची परवानगी सहसा लागतेच. आणि अर्ज द्यायच्या आधी शेजाऱ्यांना चहाला बोलवा, वकिलापेक्षा स्वस्त पडतं.

मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात बार ठेवायचा असेल, किंवा तिकिटाच्या पैशांतच वाइन धरली असेल, तरी ती विक्रीच. हॉलला परवाना नसेल तर तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्या: फी २१ पौंड, एकाच वेळी कार्यकर्त्यांसकट ४९९ पर्यंत माणसं. शेजाऱ्यांना यावर हरकत घेता येत नाही, फक्त पोलीस आणि पर्यावरण आरोग्य विभाग घेऊ शकतात. नोटीस किमान १० कामकाजाचे दिवस आधी पोचली पाहिजे, त्यात दिल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस धरत नाहीत. कार्यक्रम ऑगस्टअखेरीला असेल तर मधला बँक हॉलिडेही वजा करा.